इश्यूमधले दोन एस

एका सहा वर्षांच्या मुलीला मी कागदावर नाहीशी केली आहे. ती माझ्या टेबलासमोर उभी होती, गालात लिमलेटची गोळी होती, आणि मी तीन इंग्रजी शब्द टाइप करून ती जन्मलीच नाही असं तिच्या आईकडून शपथेवर वदवून घेतलं. आईने अंगठा दिला. शेजारी मी सही ठोकली, तीही वळणदार, खाली दोन रेघा मारून.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. महाडात आपल्याइतकं इंग्रजी येणारी दुसरी बाई नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती कुणी करून दिलेली नव्हती, मीच प्रेमाने वाढवली होती. पर्समध्ये इंग्रजी शब्दकोश असायचा. तो मी कधी उघडत नसे. उघडला असता तर लोकांना वाटलं असतं, बाईंना येत नाही.

आता सत्तरी उलटून गेली. नातवंडं विचारतात, "आजी, तू काय काम करायचीस?" मी सांगते, "मेलेल्या माणसांची कामं करायचे." ती घाबरून एकमेकांकडे बघतात आणि मला फार बरं वाटतं. पण ते अगदी खोटंही नाही. पस्तीस वर्षं मी महाडच्या कोर्टाजवळच्या एका गल्लीत, एका वकिलांच्या ओटीवर, टाइपरायटर घेऊन बसले. वकिलांना सगळे अप्पा म्हणत. मीही अप्पाच म्हणत असे. मला मात्र ते वयाने एवढे मोठे असूनही "बाई" म्हणत, आणि माझ्यावर चिडले की "बाईसाहेब".

या धंद्याची बाहेरच्यांना कल्पना नसते, म्हणून सांगते. आमच्या महाड-पोलादपूरकडे डोंगरावरच्या वाडीपासून नदीकाठच्या गावापर्यंत घरटी एखादा माणूस तरी मुंबईला. तो जिवंत असेपर्यंत मुंबईशी जो काही व्यवहार असेल तो तोच बघतो. घरच्यांना माहीत एवढंच, की शिमग्याला आणि गणपतीला येतो. तो गेला, की मग मुंबई घरच्यांशी बोलायला लागते, आणि मुंबई बोलते ती इंग्रजीत. डिसीज्ड, नॉमिनी, क्लेम, सेटलमेंट, लीगल एअर. ज्या घरात अजून दहावं व्हायचं आहे, शेजारणी भाताचं पातेलं आणून ठेवताहेत, त्या घरात हे पत्र येऊन पडतं. गावात ते कुणाला लागत नाही. मग कुणीतरी म्हणतं, महाडात अप्पा वकिलांकडे टायपिंगवाल्या बाई आहेत, त्यांच्याकडे जा.

त्या बाई म्हणजे मी. सरकारी परीक्षा देऊन मी इंग्रजी टायपिंग पास झाले होते. त्या परीक्षेत समोरचा मजकूर न चुकता उतरवायचा असतो. तो कळला पाहिजे अशी अट नसते. त्यामुळे माझं सगळं इंग्रजी बोटांत होतं. मनगटाच्या वर ते कधी चढलंच नाही.

पहिल्याच महिन्यात मी "डिसीज्ड"मधली दोन अक्षरं इकडची तिकडे केली आणि कागदावरचा मयत माणूस रोगी होऊन बसला. अप्पांनी तपकिरीची चिमूट नाकाशी नेता नेता कागद वाचला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे. गेलेला माणूस नुसता आजारी आहे म्हणता. डॉक्टरला बोलावू का?" वारसाच्या इंग्रजी शब्दाला मी मोठ्या झोकात "हेअर" म्हणायचे. तेव्हा म्हणाले, "बाईसाहेब, ते केस नव्हेत, वारस आहेत. त्यातला एच मयत आहे. त्याला उठवू नका."

एवढं ऐकूनही माझी मान ताठच. एकदा तुडीलचे एक गृहस्थ विम्याचं पत्र घेऊन आले. पॉलिसी मॅच्युअर झाली आहे असं पत्रात होतं. ओटीवर आठ-दहा माणसं बसलेली. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात अर्थ सांगितला, "काका, तुमची पॉलिसी वयात आली."

काकांनी पत्र उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "मंग काय करायचं? पावनं बघायचं का तिला?"

ओटी हसली. मला हसण्याचं कारण कळेना. ते कळायला संध्याकाळ झाली, आणि मग दुसऱ्या दिवशी कामावर येताना मी मागच्या गल्लीने आले.

पोलादपूरकडचं एक म्हातारं जोडपं मला आठवतं. बँकेत दोघांच्या नावाने खातं उघडायचं होतं, फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडे आले. त्यात "आयदर ऑर सर्व्हायव्हर" अशी ओळ असते. मी सांगितलं, दोघांपैकी कुणीही व्यवहार करायचा, आणि एक गेला तर जो मागे उरेल त्याने करायचा.

म्हातारा म्हणाला, "म्हंजे मी मेलो का ही."

"आनि मी मेली तर?" म्हातारीने विचारलं.

"तू कशाला मरतेस? मी थोरला हाय."

"थोरलं हायत म्हनून यात पन पुढं? बाजारात पुढं, यष्टीत पुढं, आनि हितं बी तुमीच पुढं? बाई, त्यात असं लिवा, दोगं बी संगंच."

मी म्हटलं, आजी, फॉर्मात तशी जागा नाही. आणि खूप हसले. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं, हसायला काय जातंय. आज माझ्या स्वतःच्या पासबुकावर तीच ओळ आहे आणि त्या ओळीतली उरलेली मी आहे. त्या दिवशी मी जी हसले, ते काही बरोबर नव्हतं. पण म्हातारीचं "हितं बी तुमीच पुढं" आठवलं, की आजही मी घरी यांच्या फोटोकडे बघून तेच म्हणते.

आता त्या मुलीचं.

तिची आई चंद्राबाई, कुडपणची. नवरा मुंबईला एका मोठ्या कार्यालयात शिपाई होता, तापाचं निमित्त होऊन गेला. कार्यालयाने बायकोकडून इंग्रजी प्रतिज्ञापत्र मागवलं होतं. आमच्याकडे त्याला अफिडेट म्हणतात. त्या काळी कुडपणला गाडी नव्हती. चंद्राबाई पहाटे डोंगर उतरून पोलादपूरला आली, तिथून एसटीने महाडला. बरोबर मुलगी. चंद्राबाईचे हात मोकळे होते, आणि ती सारखी पदराने मनगटं झाकत होती.

अप्पा कोर्टात निघाले होते. जाता जाता म्हणाले, "बाई, फाइलमधला विधवेचा नमुना बघा आणि करून ठेवा. मी येऊन सही-शिक्क्याचं बघतो."

मी नमुना काढायला कपाटाकडे वळले, आणि मागे खट्ट असा आवाज आला. बघते तर पोरीने मशीनमध्ये हात घातलेला. टाइपरायटरच्या पोटात अक्षरांच्या बारीक दांड्या ओळीने बसलेल्या असतात. त्यातली एक तिने धरून ओढली होती. मी तिच्या हातावर चापट मारली. जोरात नाही, पण मारली. ती रडली नाही, गोळी या गालातून त्या गालात घेतली. चंद्राबाई म्हणाली, "वंदे, मागं हो गो. बाईंचं मशीन हाय." मी दांडी दाबून सरळ केली. ती एस या अक्षराची होती. ती पूर्ण सरळ कधीच झाली नाही. त्या दिवसापासून माझ्या मशीनचा एस ओळीच्या वर उडी मारायला लागला.

मग मी नमुना समोर ठेवला. आदल्या महिन्यातल्या एका बाईचा होता. त्यात वाक्य होतं, तो सेड डिसीज्ड "डाइड विदाउट इश्यू", मागे विधवा ठेवून. माझी बोटं तिथे थांबली. म्हणजे बघा, मी अगदीच बेफिकीर नव्हते. इश्यू हा शब्द मला माहीत होता. कोर्टात दिवाणी दावा उभा राहिला, की न्यायाधीश इश्यू काढतात, म्हणजे वादाचे मुद्दे. रोज कानावर पडायचा. तेव्हा विदाउट इश्यू म्हणजे वादाशिवाय, यात शंका ती कसली? मूलबाळ नसताना वारला असा त्याचा अर्थ होतो, हे पर्समधल्या शब्दकोशात लिहिलेलं होतं. पर्स माझ्या पायाशीच होती.

मी चंद्राबाईला विचारलं, "तुमच्या मालकांचा मागे काही वाद आहे? भाऊबंदकी, जमीन, कुणाशी भांडण?"

"नाय बाई. कुनाशी एक शबुद वाकडा नाय."

झालं. मी ठोकून दिलं. विदाउट इश्यू. मुलीचं नाव घालायला नमुन्यात जागा नव्हती, आणि नमुना मोडायची माझी छाती नव्हती.

इंग्रजी कागदावर अंगठा घेताना शेवटी एक ओळ लागते, की मजकूर मराठीत वाचून समजावून सांगितला. सांगणाऱ्याने खाली सही करायची. मी चंद्राबाईला समजावलं, "यात लिहिलंय, तुमचे मालक मागे कसलाही वाद न ठेवता गेले."

तिने पदर तोंडाला लावला. इतका वेळ कोरडी बसलेली बाई रडायला लागली. म्हणाली, "खरं हाय बाई. लय गरीब सभावाचा मानूस. असं कुनी लिवलं नव्हतं त्यांच्याबद्दल."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, वा! आपलं इंग्रजी माणसांना रडवतं.

अप्पा आले, घाईत होते, न वाचता पुढे केलं. कागद मुंबईला गेला. चंद्राबाईला जे मिळायचं ते मिळालं, कुणी काही विचारलं नाही, आणि तो कागद एका फाइलमध्ये तेरा वर्षं पडून राहिला.

तेरा वर्षांनी एक दिवस ओटीवर तीन माणसं आली. एक उंच, सावळी, तेल लावून दोन वेण्या घातलेली मुलगी. तिचा मामा, कापडे गावचा. आणि मागे भिंतीला टेकून बसलेली एक बाई, जिच्याकडे मी नीट बघितलंही नाही. मामाने बोलायला सुरुवात केली. भाचीला त्याने आपल्याकडे ठेवून दहावीपर्यंत शिकवली होती. तिचा बाप मुंबईला नोकरीत असताना गेला. मूल सज्ञान झालं की अनुकंपेवर नोकरीला अर्ज करा, असं तिथल्या लोकांनी तेव्हा सांगितलं होतं. तसा अर्ज केला, त्याचं हे पत्र आलं.

"बाई, ह्यात कंपॅशनेट ग्राउंड असं लिवलंय," मामा म्हणाला. "ग्राउंड म्हंजे जमीन ना? किती गुंठं हाय, आनि कुठं? मुंबईला असंल तर आमी सोडनार नाय."

तोवर मी शहाणी झाले होते, निदान ग्राउंड म्हणजे इथे कारण, एवढं मला कळत होतं. मी पत्र वाचून मराठीत सांगितलं. लिहिलं होतं, की दप्तरी असलेल्या प्रतिज्ञापत्रानुसार आपले कर्मचारी निःसंतान वारले आहेत. सबब अर्जदार त्यांची मुलगी असल्याचा दावा मान्य करता येत नाही. महिन्याभरात खुलासा करावा. सोबत प्रतिज्ञापत्राची नक्कल.

मुलगी म्हणाली, "मी हाय ना पन. मी हितं हाय."

"शाळेचा दाखला हाय," मामा म्हणाला. "पन ते म्हनतात आईनंच शपथेवर सांगितलंय मूल नाय म्हनून. मंग ही कोन? उद्या आईलाच धरतील का हो, खोटी शपथ घेतली म्हनून?"

मी नक्कल हातात घेतली. डाइड विदाउट इश्यू. एवढी ढोबळ चूक! मला जोर चढला. मी ओटीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "कोण दिवटा हा टायपिस्ट? इश्यू म्हणजे काय हेसुद्धा माहीत नाही! असल्या लोकांच्या हातात मशीन देतातच कशी?"

आणि मग मला तो शब्द दिसला. वाचला नाही, दिसला. इश्यूमध्ये दोन एस असतात. दोन्ही ओळीच्या वर उड्या मारून बसले होते.

भिंतीशी बसलेल्या बाईने हळूच म्हटलं, "तुमीच केलेला बाई तो. हिच्या हातावर चापटी मारलेली."

मी वळून बघितलं. तेरा वर्षांनी चंद्राबाई पिकली होती, पण मनगटं तशीच झाकून बसली होती. मूल नाही असं ती कधी बोललीच नव्हती, त्यामुळे ते याच कागदात असेल असं तिच्या मनातही नव्हतं, ती फक्त ओळख देत होती. मग तिने विचारलं, "त्यात वंगाळ काय लिवलंय बाई? तुमी तर सांगितलं, वाद न ठेवता गेले."

मला सांगावं लागलं. त्यात तसं लिहिलेलंच नाही, हे मी तिला सांगितलं. त्यात लिहिलंय, की तुम्हाला मूल नाही.

मला वाटलं, पोरीच्या नोकरीचं विचारेल. तिने विचारलं, "मंग त्यांच्याबद्दल ते चांगलं लिवलंच नव्हतं?"

तेरा वर्षं ती ते वाक्य जपत आली होती. नवऱ्याबद्दल सरकारदरबारी कुणीतरी एक चांगला शब्द लिहून ठेवलाय म्हणून. मुलगी मी कागदावर नाहीशी केली ती पुराव्याने परत आणता आली असती. हे वाक्य कुठून आणणार होते?

संध्याकाळी अप्पांपुढे कागद ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला. म्हणाले, "मी न वाचता पुढे केला. निम्मी चूक माझी." मग त्यांच्यातला वकील जागा झाला. "क्लेरिकल एरर म्हणू. टंकलेखनातली चूक."

मला तो शब्द फार आवडला. काय छान शब्द आहे! चूक असते आणि कुणाचीच नसते. मशीनने केली, शाईने केली, वाऱ्याने केली. मी लगेच मान डोलावली. घरी जाऊन दोन घास जास्त जेवले. पण अंथरुणावर पडल्यावर ध्यानात आलं, की चूक मशीनची ठरली तरी चंद्राबाई सुटत नाही. मजकूर मराठीत समजावून सांगितला असं खाली लिहिलेलं आहे. म्हणजे तिला सगळं कळलं होतं आणि तरी तिने अंगठा दिला, असाच अर्थ निघणार. ती सुटायची तर समजावणारीला अर्थ माहीत नव्हता, हे समजावणारीनेच सांगायला हवं. आणि तेही शपथेवर.

दुसऱ्या दिवशी अप्पांना म्हटलं, "मी स्वतःचं अफिडेट करते."

"विचार करा, बाईसाहेब. गल्लीत बोंब होईल. तुमच्याकडे कोण येईल टाइप करायला?"

"काल ओटीवर मी त्या टायपिस्टला दिवटा म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलंय. आता तो कोण ते कळू दे."

मी ते त्याच मशीनवर टाइप केलं. उडी मारणारा एस हाच पुरावा होता, की जुना कागद माझाच. मी लिहिलं, की इश्यू या शब्दाचा अर्थ मला त्या वेळी ठाऊक नव्हता. मी चुकीचा अर्थ सांगितला, आणि बाईने त्या अर्थावर विश्वासून अंगठा दिला. की सदर मुलगी त्या वेळी समक्ष हजर होती. की तिने माझ्या मशीनची एस अक्षराची दांडी वाकवली, आणि मी तिच्या हातावर चापट मारली.

अप्पा म्हणाले, "चापट कशाला? समज दिली असं लिहा."

"समज नव्हती दिली, अप्पा. चापटच मारली होती. ज्या कागदात ही मुलगी नाही असं लिहिलंय, त्याच कागदावर ओळीओळीला तिच्या हाताची खूण आहे. चापट काढली तर खूण कशी सांगू?"

ते हसले आणि वाचत पुढे गेले. शेवटच्या कलमाशी थांबले. तिथे मी लिहिलं होतं, की सदर मयत इसम मागे कोणाशीही कसलाही वाद न ठेवता वारले. या वेळी शब्दकोश उघडून, एकेक शब्द बघून लिहिलं होतं.

"याची कायद्यात काही गरज नाही," अप्पा म्हणाले.

मी म्हटलं, "मला आहे."

त्यांनी ते खोडलं नाही. मी शपथ घ्यायला गेले तेव्हा नायब तहसीलदारांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. एवढ्या वर्षांत तिथे लोक दुसऱ्याच्या चुकीची शपथ घ्यायला यायचे. शिक्का मारताना ते म्हणाले, "चापटसुद्धा शपथेवर?" मी म्हटलं, "हो साहेब, उजव्या हाताने मारली होती, तेही लिहू का?"

माझं अफिडेट, शाळेचा दाखला, तलाठ्याचा वारसाचा पंचनामा, सगळं जोडून पाठवलं. महिना संपायला चार दिवस होते. मग दोन महिने काही नाही. त्या दोन महिन्यांत अप्पांच्या भाकिताप्रमाणे गल्लीत बोंब झाली. दोन-तीन नेहमीची माणसं शेजारच्या टायपिस्टकडे गेली. एकाने ओटीवरून जाताना विचारलंही, "काय बाई, आज किती जनांची पोरं गायब केलीत?" मी म्हटलं, "अजून भवानी व्हायचीय. तुमची किती हायत?"

वंदनाला नोकरी मिळाली. मामा पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "ग्राउंड मिळालं हो, बाई."

त्यानंतर मी काम करायची पद्धत बदलली. कागद मराठीत सांगून झाला, की समोरच्या माणसाला म्हणायचे, आता तुम्ही मला सांगा यात काय लिहिलंय. त्याच्या तोंडून बरोबर आलं तरच अंगठा. लोक वैतागायचे, यष्टी चुकेल म्हणायचे. मी म्हणायचे, चुकू दे. पर्समधला शब्दकोश टेबलावर उघडा असायचा, आणि त्याचा पुठ्ठा निघेपर्यंत मी तो वापरला. हे मी मोठेपणाने सांगत नाही. पहिल्या दहा वर्षांत मी असे आणखी किती कागद केले असतील, याचा हिशेब माझ्याकडे नाही. एक परत आला म्हणून कळला. न आलेले कुठल्या फाइलींत पडलेत आणि कुणाच्या नशिबाला बसलेत, हे मला ठाऊक नाही. कधी कधी दुपारी पडल्या पडल्या तेच आठवत राहतं.

अप्पा गेले. त्यांच्या कागदांवर "लेट" टाइप करायची वेळ माझ्यावरच आली, आणि त्या वेळी मी डिसीज्ड अगदी बरोबर लिहिलं. पुढे गल्लीत कॉम्प्युटर आले, मीही थकले, आणि मशीन घरी आणून ठेवलं. सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरायला लागलं, की घरातली माणसं गॅस सिलिंडर आधी वर नेतात. मी मशीन नेते.

यंदा चंद्राबाई गेली. दिवस झाल्यावर वंदना माझ्या घरी आली. आता तिचेच केस पांढरे आहेत, मुंबईची नोकरी संपायला आली आहे. आईला मिळणारी फॅमिली पेन्शन थांबवायची होती, मुंबईच्या कार्यालयाला इंग्रजी प्रतिज्ञापत्र हवं होतं. मी म्हटलं, "अगं, खाली दुकानात दहा मिनिटांत प्रिंट काढून देतात. माझ्या मशीनची रिबन सुकलीय. एस अजून उडी मारतो."

ती म्हणाली, "म्हणून तर आले."

आम्ही मशीनवरचं प्लास्टिक काढलं. शिक्क्याच्या पॅडची शाई रिबनीला चोळली. मी कागद चढवला, चष्मा लावला, शब्दकोश जवळ ओढला आणि सवयीने विचारलं, "सांग, काय लिहू?"

इतका वेळ शुद्ध मुंबईचं बोलणारी वंदना खुर्ची पुढे ओढून बसली, दोन्ही हात पाठीमागे नेले, आणि म्हणाली, "बाई, आता दोन्ही लिवा. आई कुनाशी वाद न ठेवता गेली. आनि तिला इश्यू हाय. एक हाय, तुमच्या समोर बसलाय, आनि मशीनला हात लावनार नाय."